पेंढ्यातली साखर

भातकापणी आणि झोडणी आटोपली की पालीच्या परिसरात पेंढ्याच्या उडव्या रचल्या जातात. गुरांची वैरण आणि उन्हाळ्यात आंब्याची आढी, एवढीच पेंढ्याची आपली ओळख. याच पेंढ्यापासून मोटारीचे इंधन होते म्हटले, तर बल्लाळेश्वराच्या दर्शनाला गाडीने आलेला भाविकही चकित होईल.

मळीपासून अल्कोहोल करणे आपल्याला नवे नाही. मळीतली साखर यीस्ट थेट खाते. पेंढ्यातही साखर आहे, पण ती कुलूपबंद! सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजची लांबच लांब साखळी आणि तिच्याभोवती लिग्निनचे चिवट वेष्टन. गाय ही साखळी पोटातल्या सूक्ष्मजीवांकरवी तोडते. माणसाला किल्ली दिली ती एका बुरशीने. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू कुजू लागले. ते कुजवणाऱ्या ट्रायकोडर्मा बुरशीची एन्झाइम्स आज कारखान्यांत वापरली जातात. आधी उष्णता व आम्लाने पेंढा सैल करायचा, मग एन्झाइम्सनी साखर मोकळी करायची आणि शेवटी यीस्ट घालायचे. यातली झायलोज ही साखर साध्या यीस्टला पचत नाही. त्यासाठी शास्त्रज्ञांनी जनुके बदलून नवे यीस्ट घडवले.

या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. जुने मुंबईकर जिला यूडीसीटी म्हणतात, त्या माटुंग्याच्या संस्थेतील तंत्रावर २०१६ साली उत्तराखंडात काशीपूरला प्रात्यक्षिक प्रकल्प उभा राहिला. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या तंत्रावर उभारलेल्या इंडियन ऑइलच्या पानिपत प्रकल्पाचे लोकार्पण ऑगस्ट २०२२ मध्ये झाले. वर्षाला २ लाख टन पेंढा आणि त्यातून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, असा त्याचा आराखडा. म्हणजे टनामागे १५० लिटर.

मग असा कारखाना पालीत का नको? पंजाब-हरियाणात गव्हाच्या पेरणीची घाई असते, म्हणून शेतातच पेंढा जाळतात. तिथे तो अडचण आहे. आपल्याकडे तो गुरांच्या तोंडचा घास आहे. शिवाय आपली खाचरे लहान. गावोगावचा पेंढा गोळा करायचा, गठ्ठे बांधायचे, पावसापासून राखायचे. त्यात पेंढा वजनाला हलका. ट्रक भरतो, पण टन भरत नाहीत.

विज्ञानाने कुलूप उघडले आहे. आता प्रश्न भावाचा आणि हक्काचा आहे. वैरण बाजूला काढून जो उरेल, त्याचाच हिशेब कारखान्याने मांडावा आणि पैसे खळ्यावरच शेतकऱ्याच्या हाती पडावेत. नाहीतर गाडी धावेल, पण गोठा उपाशी राहील.