हात मंदावतात तेव्हा

एमआयटीतल्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३८ साली डेन्स्मोर श्यूट या गोल्फपटूचा एकच फटका एकाच छायाचित्रात टिपला. दिवा झपाझप लखलखत होता आणि प्रत्येक लखलखाटाला क्लबची नवी प्रतिमा उमटत होती. सगळ्या मिळून दांड्यांचा पिसाराच फुलला.

अशा छायाचित्रांत वेग मोजायला घड्याळ लागत नाही. प्रतिमा विरळ तिथे वेग जास्त, दाट तिथे कमी. चेंडूजवळ येताना क्लबच्या डोक्याच्या प्रतिमा विरळ होत जातात, यात काही नवल नाही. पण आता नजर मुठीकडे न्या. तिथे प्रतिमा दाटत येतात! ऐन फटक्याच्या वेळी, जिथे सगळा जोर लागायला हवा असं आपल्याला वाटतं, तिथे हात चक्क मंदावलेले असतात.

यामागचं गणित कॉक्रन आणि स्टॉब्स यांनी १९६८ च्या ‘द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ या पुस्तकात सोपं करून मांडलं. हात आणि क्लब मिळून एकमेकांना जोडलेले दोन लंबकच समजा: एक लंबक खांद्यापासून मनगटापर्यंत, दुसरा मनगटापासून क्लबच्या टोकापर्यंत, आणि मधे मनगटाची बिजागरी. डाउनस्विंग, म्हणजे क्लब वरून चेंडूकडे आणणं, सुरू होताना मनगटं दुमडलेली असतात, क्लब हातांशी साधारण काटकोन करतो. वजन अंगालगत असल्याने हात भराभर वेग घेतात. वेग वाढला की क्लबचं डोकं बाहेर धाव घेतं आणि मनगटाचा कोन आपसूक उलगडतो. या उलगडण्यात क्लब हातांना मागे ओढतो. हातांचा वेग उतरतो आणि त्यांची ऊर्जा क्लबच्या जेमतेम २०० ग्रॅमच्या डोक्यात जाते. व्यावसायिक खेळाडूचा ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्यांचा क्लब, ताशी १८० किलोमीटरच्या आसपास पोचतो तो असा. त्या क्षणी क्लब हातातून निसटू पाहतो तो सुमारे ४० किलोंच्या ओढीने.

नवखा खेळाडू मात्र मनगटं आधीच उलगडतो, म्हणजे जोर लावायचा तो वरच लावून मोकळा होतो. शेवटी मनगटाने झटका देऊ म्हटलं तरी उपयोग नाही. स्नायू जितका वेगाने आखडतो तितका त्याचा जोर कमी, आणि तोवर क्लब मनगटांच्या आवाक्याबाहेरच्या वेगाने फिरत असतो. या खेळात ताकदीइतकंच दम धरण्याला मोल आहे, असं मला वाटतं ते यामुळेच.

क्लब आणि चेंडूची प्रत्यक्ष भेट तर सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाची. तेवढ्यात ४६ ग्रॅमचा चेंडू चेपतो, फुगतो आणि क्लबच्या जवळजवळ दीडपट वेगाने सुटतो. टोल्याची जाणीव हातातून मेंदूत पोचेपर्यंत तो मीटरभर तरी पुढे गेलेला असतो. मग फटक्यानंतरची, फॉलो-थ्रूची ती डौलदार पोझ कशासाठी? चेंडूला तिचं सोयरसुतक नाही. एवढ्या वेगातला क्लब थांबवायला जागा लागते, म्हणून.