विहिरीचा घेर आणि मामांची दोरी

सोलापूरजवळच्या आमच्या शेतातल्या विहिरीला कठडा नव्हता. जिल्ह्यात अशा विहिरी आजही पुष्कळ दिसतात. मागल्या उन्हाळ्यात आमची शेळी तीत पडली. तिला बाहेर काढता काढता मामांचे लक्ष सारखे घरातल्या चार वर्षांच्या नातवाकडे जात होते. त्याच संध्याकाळी कुंपण घालायचे ठरले.

विहीर १६ फूट रुंद. काठावरून दोरी आडवी धरून पाहावी, जिथे ती सर्वांत लांब भरेल तो व्यास. घेर काढायला शाळेतले बावीस सप्तमांश पुरतात. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त व्यवहारासाठी हेच प्रमाण दिले, आणि बारकाव्यासाठी ३९२७ भागिले १२५० असे दुसरेही. सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तलाव खोदवला तो काळही त्याच शतकातला. असो. १६ फुटांचा घेर साधारण ५० फूट, म्हणून मी तेवढी जाळी आणली.

ती तोकडी पडली! काठची माती ढासळते म्हणून खांब दोन फूट मागे घ्यावे लागले. म्हणजे व्यास २० फूट झाला आणि घेर ६२ फूट १० इंच. दोन फूट मागे सरकलो तर जाळी साडेबारा फुटांहून जास्त वाढली. गंमत अशी, की विहीर केवढीही असो, वाढ तेवढीच. उद्या पृथ्वीभोवती कुंपण घालून ते दोन फूट बाहेर सरकवले, तरी जाळी तितकीच जास्त लागेल. माझा स्वतःचा यावर विश्वास बसायला कागद-पेन्सिल घ्यावी लागली.

खांब बारा. बांधावर सरळ रांगेत बारा खांबांत अकरा अंतरे असतात, म्हणून मी अकराने भागायला निघालो. मामा हसले. "अहो, गोलात शेवटचा खांब पहिल्याच्या शेजारी येतो की!" म्हणजे अंतरेही बाराच. एक अंतर पाच फूट तीन इंचांना किंचित कमी.

मग टेप घेऊन खांबाखांबांतले अंतर सरळ मोजत गेलो, आणि शेवटची फट जेमतेम साडेचार फुटांची उरली. टेप सरळ जातो, घेर वळून जातो. प्रत्येक अंतरात पाऊण इंचाचा फरक, पण बारा वेळा साठला की नऊएक इंच होतात. फाटक नेमके त्याच फटीत बसवायचे होते.

मामांनी खुणा पुसल्या. काठापासून सगळीकडे दोन फूट मोजून फक्कीची रेघ ओढली, तिच्यावरून सुतळी फिरवून टोके जुळतील तिथे कापली. मग ती दुमडली, पुन्हा दुमडली आणि उरलेल्या लांबीची तिघडी केली. प्रत्येक घडीवर कोळशाची खूण. सुतळी पुन्हा रेघेवर अंथरली, खुणेखुणेशी खड्डे खणले.

फाटक बसले. नातू आता जाळीला नाक लावून खालचे पाणी बघतो.