मस्टर कोणी तपासलं?

जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या माउंट प्लेझंट गावात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सोनेरी फावड्याने भूमिपूजन केलं आणि होऊ घातलेल्या कारखान्याला जगातलं आठवं आश्चर्य म्हटलं. फॉक्सकॉन ही तैवानी कंपनी तिथे टीव्हीचे पडदे बनवणार होती. १० अब्ज डॉलरची गुंतवणूक, १३,००० नोकऱ्या. बदल्यात राज्याकडून सुमारे ३ अब्ज डॉलरच्या करसवलती. म्हणजे माणशी सव्वादोन लाख डॉलरच्या वर! माझी नोकरी महालेखापाल कार्यालयात दुसऱ्यांचे कागद चाळण्यात गेली, त्यामुळे फोटोपेक्षा माझं लक्ष करारातल्या अटींकडे आधी गेलं.

‘करसवलत’ म्हटलं की आपल्याला वाटतं, कंपनी थोडा कमी कर भरणार, एवढंच. पण तिथल्या कारखानदारांचा राज्य प्राप्तिकर दुसऱ्या एका सवलतीने आधीच जवळपास शून्यावर आलेला होता. तेव्हा ही नवी सवलत मुख्यतः तिजोरीतून रोख द्यावी लागणार होती: पगारखर्चाच्या १७ टक्के, भांडवली खर्चाच्या १५ टक्के. हे पैसे वसूल होऊन राज्य बरोबरीत यायला २०४३ उजाडेल, असा हिशेब विधिमंडळाच्याच वित्त विभागाने कायदा होण्याआधी मांडला होता. कायदा तरीही झाला. (हिशेब वेळेवर मांडला म्हणून तो वेळेवर वाचला जातो असं नाही, हे आमच्या खात्यात नव्याने रुजू झालेल्यालाही ठाऊक असतं.)

करारात मात्र एक गोष्ट चोख होती. पैसे आगाऊ नाहीत. दरवर्षी ३१ डिसेंबरला माणसं मोजायची, किमान आकडा गाठला नसेल तर त्या वर्षी नोकऱ्यांपोटी काही मिळणार नाही. पहिल्या वर्षी किमान २६० माणसं हवी होती. कंपनीने स्वतःच १७८ कळवली. पुढच्या वर्षी हवी होती ५२०. कंपनीने ५५० दाखवली, राज्याच्या विकास महामंडळाने छाननी केली तेव्हा निकषात २८१ बसली. शिवाय करारात लिहिलेला अवाढव्य काचपडद्यांचा कारखाना उभाच राहिला नव्हता. ऑक्टोबर २०२० मध्ये महामंडळाने पत्र पाठवून सवलत नाकारली.

आता यातली गंमत बघा. मोजणारं हे महामंडळही धुतल्या तांदळाचं नव्हतं. डिसेंबर २०१८ मध्ये विधिमंडळाच्या लेखापरीक्षण विभागाने त्याच्याच कार्यपद्धतीवर बोट ठेवलं होतं: तुमच्या लेखी नियमांप्रमाणे राज्याबाहेर काम करणाऱ्यांच्या पगारावरही सवलत देता येईल! पैसा जाण्याआधी असा आक्षेप निघणं हे लेखापरीक्षकाचं भाग्य. आम्ही अर्धसमास (लेखी हरकत) काढायचो तोवर बहुतेकदा रक्कम खर्ची पडलेली असायची, आणि पुढे अहवालातला परिच्छेद विधिमंडळाच्या लोकलेखा समितीसमोर जाईपर्यंत संबंधित अधिकारी निवृत्त झालेले.

एप्रिल २०२१ मध्ये करार नव्याने झाला: १,४५४ नोकऱ्या आणि जास्तीत जास्त ८ कोटी डॉलर. त्यानंतर कंपनीने माणसं दाखवली, ती मोजली गेली आणि पहिला हप्ता मिळालाही.

राज्य वाचलं, गाव तेवढं सुटलं नाही. माउंट प्लेझंटने आणि जिल्ह्याने जमीन, रस्ते, पाणी यांवर कर्ज काढून आधीच खर्च केला होता. त्या भागाला ‘दुरवस्थेतला’ ठरवण्यापर्यंत मजल गेली, कितीतरी घरं उठली. कारखाना लहान निघाला तरी ठरावीक किमान मूल्यावर मालमत्ताकर भरायची हमी कंपनीकडून लिहून घेतली होती, तोच गावाला आधार. पुढे तिथली काही जमीन मायक्रोसॉफ्टने घेतली. उठलेली घरं कुठल्या रकान्यात धरायची, हे मला अजून समजलेलं नाही.

हीच फॉक्सकॉन ऑगस्ट २०१५ मध्ये महाराष्ट्रातही आली होती. पाच अब्ज डॉलर, ५० हजार रोजगार असा सामंजस्य करार. २०२० मध्ये उद्योगमंत्र्यांनी तो प्रकल्प होणार नसल्याचं सांगितलं. २०२२ मध्ये वेदांता आणि फॉक्सकॉन यांचा भागीदारीतला प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेल्यावर आपल्याकडे केवढा गदारोळ झाला. पण वर्षभरात फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनही बाहेर पडली, तेव्हा आवाज बराच खाली आला होता.

उद्योगांना सवलती देणारी आपली सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासूनची आहे. तालुका जितका मागास तितकी सवलत जास्त, आणि प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाल्यावर पात्रता प्रमाणपत्र: रचना शहाणपणाची आहे. मला खटकतं ते वेगळंच. विशाल प्रकल्पाचा दर्जा गुंतवणुकीवर किंवा रोजगारावर, दोहोंपैकी एकावर मिळू शकतो. यंत्रांनी भरलेला आणि माणसं बेताची असलेला कारखानाही त्यात बसतो, पण बातमीत मथळा रोजगाराचाच असतो. त्यात ८० टक्के स्थानिकांची अट. तळेगावचा कारखाना उभा राहून माझ्या टेबलावर आला असता, तर मी गुंतवणुकीच्या पावत्या नंतर पाहिल्या असत्या. आधी मागितलं असतं मस्टर, भविष्यनिर्वाह निधीची चलनं, कंत्राटदारांची यादी आणि त्या ८० टक्क्यांचे अधिवास दाखले.