सोप्यातील तुळई

आमच्या घराच्या कौलांच्या पाठीवर १८६५ हा आकडा उठविलेला आहे. त्यावरून घर १८६५ साली बांधले गेले, असे माझे आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्यास मोठ्या अभिमानाने सांगत, आणि आम्ही मुलेही शाळेत तेच सांगत असू. वास्तविक तो आकडा घराचा नव्हे, कारखान्याचा. बासेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. पुढे कित्येक वर्षे त्या कौलांवर स्थापनेचे तेच साल उमटत राहिले. आमचे घर त्याहून पुष्कळ अलीकडचे. ही गोष्ट मला कळली तेव्हा आजोबा हयात नव्हते, हे एका परीने बरेच झाले.

बेळगावच्या जुन्या गल्ल्यांतून अशी घरे अजून उभी आहेत. पुढे कट्टा, मग सोपा, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर व देवघर, आणि शेवटी परसू व आड. जोते जांभ्या दगडाचे, भिंती मातीच्या आणि दोन-दोन फूट जाडीच्या, छपराचा सारा भार लाकडी खांबांवर व तुळयांवर. जांभा हा मोठा गुणी दगड. खाणीतून काढताना इतका मऊ की कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता यावा, आणि हवा लागली की वर्षागणिक टणक होत जावा. मातीची भिंत मात्र नाजूक प्रकृतीची. डोक्यावर टोपी आणि पायांत जोडे असतील तर ती शंभर वर्षे जगते, असे आमच्या गवंड्याचे म्हणणे. टोपी म्हणजे छप्पर आणि जोडे म्हणजे जोते. या दोहोंत बिघाड झाला की ती विरघळते. २०१९ च्या ऑगस्टातील अतिवृष्टीत आमच्या जिल्ह्यात मातीची किती घरे अशी विरघळली, हे या भागातील वाचकांस सांगावयास नको.

आमचे घर त्या वर्षी वाचले. परंतु सोप्याच्या मधोमध छप्पर वीतभर खचले.

मधोमध म्हणजे नेमके कोठे, ते सांगावयास हवे. १९७८ साली माझे वडील आणि काका यांच्या वाटण्या झाल्या. मी तेव्हा लहान होतो. त्या काळी सिमेंट परवान्यावर मिळे, आणि तेही महिनोन्महिने थांबून. तरी दोघा भावांनी तेवढ्या एका बाबतीत एकमत करून परवाना मिळविला आणि सोप्याच्या मधून विटांची भिंत घातली. पलीकडचा भाग काकांचा, अलीकडचा आमचा. पुढे आडाच्या पाण्यावरून शब्दाला शब्द वाढला व येणे-जाणे थांबले. वडील गेले, काका गेले. पलीकडे काकी एकट्या राहिल्या आणि चुलतभाऊ, ज्यास मी दादा म्हणतो, नोकरीनिमित्त हुबळीस स्थायिक झाला. संक्रांतीस माझी पत्नी काकींना तिळगूळ देऊन येई. मी उंबऱ्यातूनच नमस्कार करी. एकाच छपराखाली राहून हे कसे चालते, असे कोणी विचारील. चालते. सवय झाली की त्यात काही वावगे वाटेनासे होते.

छप्पर खचल्यावर दोन मार्ग दिसू लागले. एक, घर पाडून जागा बांधकाम व्यावसायिकास देणे. तशी मागणी आलेली होतीच, आणि दादाचा कल तिकडे आहे असे कानांवर होते. दुसरा, दुरुस्ती. पहिल्या मार्गात काकींचे काय, हा प्रश्न होता. वयाची ऐंशी उलटलेली, त्या घरात सून म्हणून आलेली बाई; तिला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या दाखवून 'हे तुमचे घर' असे सांगावयाचे कोणी? दुसऱ्या मार्गात पैशाचा प्रश्न होता. शासकीय शाळेच्या मुख्याध्यापकाची मिळकत वाचकांस ठाऊक आहेच. महामारीची दोन वर्षे या विचारात आणि ताडपत्रीखाली गेली.

शेवटी २०२३ च्या फेब्रुवारीत एका जुन्या जाणत्या सुताराला बोलावले. गृहस्थ कानडी, मराठी समजणारे, बोलताना मात्र दोन्ही भाषांचा काला करणारे. ते तुळईला 'तोले' म्हणत आणि खांबाला 'कंब'. मराठीचा पदवीधर म्हणून माझे कान त्या शब्दांकडेच लागले होते. 'कंब' आणि 'खांब' ही एकाच स्कम्भाची लेकरे, असे काहीसे मी त्यांना सांगूही लागलो. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि शिडीवरूनच विचारले, "सर, ही तोले पलीकडं कुठवर गेलीया?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणी विचारला नव्हता. तुळई एकच होती. बावीस फुटांचा अखंड सागवान. अर्धा आमच्या सोप्यात, अर्धा काकींच्या, आणि मधला भाग १९७८ च्या भिंतीत चिणलेला. सुताराने गिलावा थोडा फोडून आत पोलादी पटाशी खुपसली, ती मुठीपर्यंत गेली. दोन्ही बाजूंचे लाकूड वाजविले तर खणखणीत. कुजला होता तो भिंतीतला अडीच फुटांचा तुकडा.

कारण उघड होते. भिंतीच्या रेषेवर छपरावरही सिमेंटचा पट्टा ओढून हद्द केलेली होती. कौले उन्हाने तापतात, थंडीने आकसतात, वाऱ्याने किंचित हलतात. सिमेंट हलत नाही. पट्ट्याला भेगा पडल्या आणि पाणी सरळ भिंतीत उतरू लागले. उघडी तुळई भिजली तर चार दिवसांत सुकते. सिमेंटात कोंडलेली कधीच सुकत नाही. आता शाकारणीचे म्हणाल तर, दर मे महिन्यात आम्ही आमची बाजू शाकारीत होतो, काकी त्यांची. मधली ओळ हद्दीवरची, म्हणून तिला कोणीच हात लावला नाही. चव्वेचाळीस वर्षे.

दुरुस्ती एका बाजूने होण्यासारखी नव्हती. मी दादाला पत्र लिहिले. दूरध्वनी करता आला असता. परंतु इतक्या वर्षांनी पहिले वाक्य काय बोलावे, हे सुचेना. पत्रात घराण्याची परंपरा वगैरे काही घातले नाही. तुळईचे मोजमाप, सुताराचा अंदाज, आणि जमल्यास येऊन पाहून जावे, एवढेच. तो पुढच्याच रविवारी आला. शिडीवर चढला, स्वतः पटाशी खुपसून पाहिली, खाली उतरून हात पुसले आणि म्हणाला, "भिंत काढावी लागेल की मग." विकण्याचा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही. आत काकींनी चहा टाकला होता. तो आम्ही दोघांनी उभ्यानेच घेतला.

मार्चच्या अखेरीस शाळेच्या परीक्षा आटोपल्या आणि कामास हात घातला. आधी कौले उतरविली. शंभर चौरस फुटांस साधारण दीडशे मंगळुरी कौले लागतात आणि एकेक कौल दोन-अडीच किलोंचे, यावरून कामाचा अंदाज यावा. आमच्या शाळेचे व्यायामशिक्षक, चार-पाच सहकारी, गल्लीतील तरुण, माझे मेहुणे, दादाचे दोन मित्र अशी पंचवीस माणसे शिडीपासून परसापर्यंत साखळी करून उभी राहिली. प्रत्येक कौल हातोहात खाली आले. परसात बायका-मुले काथ्याने शेवाळ घासून काढीत होती आणि काकी पाटावर बसून प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून पाहत होत्या. खणकन वाजले तर ठेवावयाचे, बद्द वाजले तर बाजूला काढावयाचे. हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. मडकी अशीच तर घेतात. त्या दिवशी २,९४० कौले उतरली आणि ४१२ निकामी निघाली. त्यांतली चाळीसएक आमच्याच एका उत्साही सहकाऱ्याच्या पायांखालची. कौलावर पाय द्यावयाचा तो खाली रीप असेल तेथेच, हे त्यांना सांगावयाचे राहून गेले होते.

येथे एक अनुभवाची गोष्ट नमूद करतो. आप्तेष्टांची मदत ही फार मोठी शक्ती आहे. परंतु ती वाहून नेणे, घासणे, चाळणे, उतरविणे, रंगविणे यांपुरती. जेथे भार तोलावयाचा आहे, तेथे जाणता कारागीरच हवा. मेहुण्यांचा आग्रह असा की टेकू देण्याचे काम आपणच करावे, दोन दिवसांची मजुरी वाचेल. सुताराने त्यांच्याकडे पाहिले, आणि मग माझ्याकडे. मेहुण्यांना रीप रंगविण्यास बसविले. ते दोन दिवस रुसले होते.

तुळईखाली दोन्ही बाजूंस लोखंडी जॅक लावून छप्पर रोज थोडे थोडे वर घेतले. एकदम उचलले असते तर भिंतींना तडे गेले असते. मग १९७८ ची भिंत उतरविली. वीट वीट सुटी करताना दादा आणि मी आलटून पालटून घण घेत होतो. कुजलेला तुकडा कापून त्याच जाडीचा जुन्या सागवानाचा तुकडा दोन्ही टोकांस तिरक्या लांब खाचेने जोडला, लोखंडी पट्ट्या व बोल्ट आवळले आणि जोडाखाली एक नवा खांब दिला. नवे लाकूड न घेता जुने का, तर जुने पुरते वाळलेले असते. नंतर पिळत नाही.

भिंतींच्या बाबतीत चूक माझीच होती, ती कबूल केली पाहिजे. ओल येते म्हणून १९९४ साली मी माजघराच्या भिंतींना कंबरेइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा करविला होता. वडील नको म्हणत होते. परंतु मी शिकलेला. जमिनीतून भिंतीत चढणारी ओल पूर्वी मातीतून व चुन्यातून बाहेर उडून जाई. सिमेंटाने तिची वाट बुजविली, आणि ती कंबरेच्या वर जाऊन छातीइतक्या उंचीवर दिसू लागली. गवंड्याला या वेळी मी पुन्हा सिमेंटाचे विचारले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "ब्याड री, सर." नको.

म्हणून चुना आणला. कळीचा चुना हौदात पाण्यात सोडला की उकळी फुटते, वाफा निघतात. मुलांना व चष्मा न घातलेल्यांना दूर ठेवावे, कारण डोळ्यांत थेंब उडाला तर दृष्टीस धोका असतो. विझलेला चुना पाण्याखाली तीन आठवडे मुरविला. एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू, आणि मळताना गुळाचे पाणी व भिजविलेल्या हिरड्याचे पाणी. गुळाची ढेप काकींनी दिली आणि 'भिंतीला कशाला गोड घालता रे' म्हणून विचारलेही. चुना सिमेंटासारखा रात्रीत घट्ट होत नाही. तो हवेतील कर्बवायू घेत घेत सावकाश दगड होतो. तोवर त्यास सावली हवी आणि पाण्याचा शिडकावा हवा. एवढा धीर नसेल त्याने चुन्याच्या वाटेस जाऊ नये.

हे सारे आमच्या मातीच्या घरापुरते खरे. इंदूर-बडोद्याकडील विटांच्या वाड्यांची आणि ग्वाल्हेरीकडील दगडी पट्ट्यांच्या छतांची दुखणी वेगळी असणार. तेथील वाचकांनी तेथीलच जुन्या कारागिराला विचारावे.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात कौले पुन्हा चढली. कमी पडलेली कौले गल्लीच्या टोकाला पाडलेल्या एका घराची विकत घेतली. त्यांच्याही पाठीवर १८६५ होतेच. शेजारच्या कानडी वहिनींनी त्या दिवशी पन्नास भाकऱ्या पाठविल्या. सारे जण सोप्यातच जेवावयास बसले. मधली भिंत नसल्यामुळे एकच पंगत बसली. मी तो सोपा इतका लांब पाहिलेला नव्हता, किंवा पाहिलेला विसरलो होतो.

खर्चाचा हिशेब निम्मा-निम्मा ठरला. दादाचा शेवटचा हप्ता अद्याप यावयाचा आहे आणि मी त्याची आठवण केलेली नाही. भिंत पुन्हा घालावयाची की नाही, हेही ठरलेले नाही. विजेची मीटरे दोन आहेत, घरपट्टीच्या पावत्या दोन आहेत. काढलेल्या विटा परसात रचून ठेवल्या आहेत. काकींनी आपला पलंग नव्या खांबाशेजारी आणवून घेतला आहे, नेमका हद्दीवर.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला, तेव्हा सगळे घर जागे राहून वर पाहत होते. मध्यरात्री नंतर एका जागी टपटप सुरू झाली, पलंगापासून हातभर अंतरावर. काकींनी तपेले ठेवले आणि मला न सांगता हुबळीस दूरध्वनी केला. सकाळी आठाच्या गाडीने दादा हजर. बाजू त्याची की माझी, हे खालून कळेना. मी शिडी धरली, तो वर गेला. आढ्याजवळचे एक कौल चार बोटे सरकले होते.