विंचुर्णीचे अ‍ॅडमिरल

पुण्याला समुद्र नाही, तरी आरमाराशी नातं जुनं आहे. खडकवासल्याच्या पाण्यात, पीकॉक बेवर, एनडीएचे कॅडेट शिडाच्या होड्या हाकायला शिकतात. त्या प्रबोधिनीचे प्रमुख राहिलेल्या मनोहर प्रल्हाद आवटी यांची कारकीर्द तशी चार ओळींत सांगून होते. जन्म 1927, सुरत. ‘डफरिन’वर आणि पुढे डार्टमथला प्रशिक्षण. 1971च्या युद्धात पूर्वेच्या समुद्रात ‘कामोर्ता’ची कमान आणि वीरचक्र. 1983 मध्ये व्हाइस अ‍ॅडमिरल, पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त.

पुण्यात निवृत्त अधिकाऱ्यांना तोटा नाही. साळुंके विहारात सकाळचा फेरफटका, संध्याकाळी क्लब. वाईट काही नाही त्यात. आवटींनी मात्र फलटणजवळचं विंचुर्णी गाठलं, आणि समुद्रापासून इतक्या लांब बसून एकच धोसरा लावला: भारतीय माणसाने, भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने 1969 मध्ये न थांबता एकट्याने जग घातलं पालथं, ती ‘सुहेली’ मुंबईतच बांधलेली. होडी इथली, नाव इंग्रजाचं!

2006 मध्ये नौदलाने अशा फेरीला कोण तयार आहे अशी विचारणा केली, तेव्हा नौदल अधिकारी दिलीप दोंदे पुढे आले. आवटी तेव्हा ऐंशीच्या घरात. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 56 फुटी ‘म्हादेई’ तयार झाली. बोट बांधून घेण्यापासूनच दोंदे तिच्याबरोबर होते. भर समुद्रात काही मोडलं तर दुरुस्तीला दुसरं कोण येणार? 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून निघून, वाटेत चार मुक्काम करून, ते मे 2010 मध्ये परतले. मग अभिलाष टॉमी त्याच बोटीतून कुठेही न थांबता फिरून आले, 2013 मध्ये.

माझ्या मते आवटींची खरी कारकीर्द ही. हुद्द्याबरोबर येणारा अधिकार संपल्यावर, ज्यांना हुकूम देता येत नव्हता अशा माणसांकडून त्यांनी हे घडवलं.

21 मे 2018 ला वर्तिका जोशींसह नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्यात परतल्या. त्याच वर्षी 4 नोव्हेंबरला, 91व्या वर्षी, आवटी विंचुर्णीत गेले. 2024-25 मध्ये ‘तारिणी’ पुन्हा जगाला फेरी घालून आली. या खेपेला बोटीवर दोघीच होत्या, दिलना के. आणि रूपा ए.