भाग: पानाची उलटी बाजू आणि ती दाखवणारी एक्स्टेन्शन्स

मी वळसंगहून बोलतोय. आजचा विषय, वेबपेज कसं बांधलंय हे बघायची साधनं.

ब्राउझरमध्ये दिसतं ते पान म्हणजे तुमच्या मशीनवर आलेली प्रत. एचटीएमएल हा त्याचा सांगाडा, सीएसएस म्हणजे रंगरूप आणि जावास्क्रिप्ट म्हणजे हालचाल. कॉम्प्युटरवर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये एफ१२ दाबा, हे तिन्ही उघडं पडतं.

एक करून बघा. काही मराठी साइटवर शीर्षकातल्या वेलांट्या वरून आणि उकार खालून कापलेले दिसतात ना? त्या ओळीवर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' निवडा. बऱ्याचदा लाइन-हाइट इंग्रजी अक्षरांच्या मापाने ठेवलेली असते. तिथंच १.६ करा, अक्षरं मोकळी होतील. हा बदल फक्त तुमच्या स्क्रीनवर होतो. रिफ्रेश केलं की गेला. म्हणूनच सांगतो, वेबपेजच्या स्क्रीनशॉटला पुरावा मानू नका. मार्क असोत की खात्यातली रक्कम, आकडे असेच बदलता येतात.

पूर्वी ही सोय ब्राउझरमध्ये अशी तयार नव्हती. २००६ मध्ये जो हेविट यांनी फायरफॉक्ससाठी 'फायरबग' काढलं आणि वेब डेव्हलपरांची कामाची पद्धतच बदलली. पुढे त्यातल्या सोयी ब्राउझरमध्येच आल्या आणि २०१७ मध्ये फायरबग थांबलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरी गोष्ट घडली. क्रिस पेडरिक यांचं 'वेब डेव्हलपर' हे नावाजलेलं एक्स्टेन्शन, क्रोमवर दहा लाखांहून जास्त वापरकर्ते. फसव्या ईमेलमधून त्यांच्या खात्याचा पासवर्ड चोरला गेला आणि चोरांनी ०.४.९ ही आवृत्ती सोडली. अपडेट आपोआप होतं, त्यामुळे लोकांच्या पानांत जाहिराती घुसल्या. पेडरिक यांनी लगेच सुधारित आवृत्ती दिली. पण मुद्दा लक्षात घ्या: पान वाचणारं एक्स्टेन्शन तुमचं बँकेचं पानही वाचू शकतं.

मग करायचं काय? आधी एफ१२ ने काम भागतं का बघा. रंगाचा कोड, फॉन्टचं नाव, मोबाइलवर पान कसं दिसेल, हे सगळं तिथंच मिळतं. तरीही एक्स्टेन्शन हवंच असेल, तर क्रोममध्ये त्याच्या 'डिटेल्स'मध्ये जाऊन साइट ॲक्सेस 'ऑन क्लिक' ठेवा. म्हणजे तुम्ही बोलावल्याशिवाय ते पानात डोकावणार नाही. वापरात नसलेलं काढून टाका.

आज घरी बसून यादी तपासा. भेटू पुढच्या भागात.