काळ्या दगडाच्या तळघरात

चंद्रपुरात सोनं सापडल्याची बातमी आल्यापासून धाराशिवात एकच प्रश्न कानावर येतो: आपल्याकडे का नाही? परवा कळंबकडचा एक शेतकरी विहिरीतून निघालेला खडा रुमालात बांधून घेऊन आला. काळा कातळ, त्यात वाटाण्याएवढी भोकं आणि भोकांना आतून हिरवागार लेप. "हे तांबंच आहे, म्हणून जमिनीला इसार द्यायला एक जण तयार झालाय," असं त्याचं म्हणणं.

हिरवा लेप नखाने खरवडला तर मातीसारखा सुटला. त्यावर फरशी साफ करायच्या अ‍ॅसिडचे दोन थेंब टाकले. तांब्याचं हिरवं खनिज, म्हणजे मॅलाकाइट असतं तर ते फेसाळलं असतं आणि त्या द्रावणात बुडवलेल्या लोखंडी खिळ्यावर लालसर तांबं चढलं असतं. इथे फेस नाही, खिळाही तसाच. हा लेप सेलॅडोनाइटचा. त्याला हिरवा रंग येतो तो लोहामुळे. बालाघाट डोंगररांगेतल्या अनेक विहिरींत तो दिसतो.

खरं तर आपल्या काळ्या दगडात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, तांबं आहे. पण ते टनामागे शंभर-दोनशे ग्रॅम, आणि खाण चालायची तर टनाला निदान चार-पाच किलो हवं. विखुरलेला धातू एका जागी गोळा करायला खोल भेगा आणि त्यांतून दीर्घकाळ फिरणारं गरम खारं पाणी लागतं. अमेरिकेत मिशिगनच्या किविनॉ भागात अशा पाण्याने बेसॉल्टच्याच भोकांत शुद्ध तांबं भरून ठेवलं. आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत थंड झाला. त्याच्या भोकांत आलेल्या पाण्याने गारगोट्या आणि झिओलाइट ठेवले, धातू नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात, पोंभुर्णा तालुक्यातल्या ठाणेवासन्याची गोष्टच वेगळी. तिथे वर बेसॉल्ट नाही, जुना ग्रॅनाइट आहे. तो भूगर्भातल्या ताणाने चिरडला गेला आणि त्या चिरडपट्ट्यातल्या गारेच्या शिरांत तांब्याचं पिवळं खनिज, चाल्कोपायराइट, साचलं.

मग धाराशिवचा जुना दगड कुठे आहे? त्याचं उत्तर आपल्याला फार मोठी किंमत मोजून मिळालं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसर जमीनदोस्त झाला, सुमारे दहा हजार माणसं गेली. भूकंपाचं कारण शोधायला किल्लारीजवळ 617 मीटर खोल भोक पाडलं. पहिले 338 मीटर नुसता काळा दगड. त्याखाली आठेक मीटर जुना गाळ आणि मग सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा पाया.

हा पाया दक्षिणेकडे रायचूर भागात उघडा पडतो, आणि तिथेच हट्टीची सोन्याची खाण आहे. निजामाच्या राज्यात हट्टी आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, एकाच सरकारखाली होते. दगडाचं नातं त्याहून कितीतरी जुनं. अर्थात सोनं सगळ्या पायात नसतं. हट्टीत ते हिरव्या रूपांतरित लाव्हाच्या चिंचोळ्या पट्ट्यात आहे, आणि तसे पट्टे आपल्या पायातून जातात का, हे एका भोकावरून ठरत नाही. ते ठरवायला गुरुत्वाकर्षण आणि चुंबकत्वाची बारीक मोजणी करावी आणि तिने दाखवलेल्या जागी आणखी भोकं घ्यावीत, असं माझं ठाम मत आहे. खाण निघेल म्हणून नव्हे. तीनशे मीटर कातळ उपसून काढायचं सोनं परवडणं कठीणच. पण ज्या पायाने आपल्याला एकदा हादरवलं, त्याची ओळख आपल्याला असायलाच हवी.

त्या शेतकऱ्याला खडा परत दिला आणि जे सांगितलं ते इथेही लिहितो. 2015 पासून तांबं-सोन्यासारख्या खनिजांचे खाणपट्टे खासगी कंपन्यांना सरकारी लिलावातूनच मिळतात. दगड दाखवून इसार पुढे करणाऱ्याच्या कागदावर सही करू नका, आधी जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे जा.